सगळेच 'सार्कॅस्टिक' कसे? फटकळ, कुत्सित, खवचट यांना इंग्रजीत काय म्हणायचं

पडद्यामागून

एका दोन अंकी कौटुंबिक नाटकाचं चित्रीकरण परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडे पाठवायचं आहे. सोबत इंग्रजीतून कथासार, पात्रपरिचय आणि सबटायटल्स द्यायची आहेत. पात्रपरिचयाचा कच्चा खर्डा हातात आला आहे आणि त्यात चार पात्रांपुढे एकच विशेषण आहे: सार्कॅस्टिक. मूळ मराठी असं:

आजी: फटकळ, पण पोटात काही नाही.
मोठी सून: कुत्सित.
मामा: खवचट, वाटणीवरून टोमणे मारणारा.
शेजारचे निवृत्त मास्तर: मिश्कील, तिरकस बोलणारे.

शिवाय कथासारात 'बोचरे संवाद', 'वडिलांनी केलेली खरडपट्टी', 'उपरोधिक शेवट' आहेत, आणि सोबतच्या परीक्षणात 'मध्यमवर्गीय ढोंगाचा खरपूस समाचार' आहे. शब्दकोश उघडला की कॉस्टिक, मॉर्डंट, असर्बिक, ट्रेंचंट, स्केदिंग, व्हिट्रिऑलिक, सार्डॉनिक अशी माळ मिळते आणि प्रत्येकापुढे अर्थ तोच, 'तीव्र, बोचरा, कडवट'. कोणता कुठे लावायचा? वाचणारे म्हणजे तिकडे वाढलेली दुसरी पिढी आणि त्यांचे अमराठी जोडीदार.

शब्दकीटक

आधी एक चाळणी लावा: बोलणारा तोंडाने जे म्हणतोय त्याच्या उलट त्याच्या मनात आहे का? असेल आणि ते समोरच्याला लागावं म्हणून म्हटलं असेल, तरच सार्कॅस्टिक. नाहीतर माणूस कितीही तिखट बोलो, तो शब्द बसत नाही.

समजा पाहुण्याच्या हातून कप फुटला.

आजी: "डोळे कुठे होते तुझे? उभा काय राहिलास, काचा उचल आधी."
सून: "राहू दे हो. तुमच्याकडे स्टीलचेच असतात ना, सवय नसेल."
मामा: "बरं झालं! सहा होते, आता पाच. भावंडंही पाचच. वाटणीला सोपं."
मास्तर: "चला, आजपासून बशीतून. घसा भाजायची भीती नाही."

चौघांत खरा सार्कॅझम फक्त मामाचा. 'बरं झालं' म्हणतोय, पण त्याला ते बरं वाटलेलं नाही आणि बाण भलत्याच माणसाला मारलाय. आजीच्या वाक्यात उलटं काहीच नाही, जे आहे ते तोंडावर. तिला 'शार्प-टंग्ड' म्हणा. 'ब्लंट' चालेल, पण त्यात नुसता स्पष्टपणा येतो, जिभेची धार येत नाही. 'पोटात काही नाही' हे वेगळं सांगावंच लागेल, कारण शार्प-टंग्ड हा शब्द इंग्रजीत थोडा नकारात्मक आहे आणि फटकळमध्ये जे लपलेलं कौतुक असतं ते त्यात नाही. 'शार्प-टंग्ड बट गुड-हार्टेड' एवढं पुरे.

सुनेचं वाक्य वरवर समजूतदार आहे, त्यामुळे अनुवादकाला सार्कॅस्टिक वाटलं असणार. पण त्यात मुख्य आहे ती तुच्छता. कुत्सितला 'स्नीअरिंग' जवळचा, कारण त्यात ओठ वाकडा होणं आहे. 'स्नाइड' त्याहून आडून मारलेला: अशी टिप्पणी की जाब विचारला तर 'मी कुठे काय म्हटलं?' म्हणता यावं. सुनेच्या एकेका वाक्याला स्नाइड, तिच्या एकूण वागण्याला 'कन्टेम्प्चुअस' किंवा स्नीअरिंग. बायकांच्या कुजकट बोलण्याला इंग्रजीत 'कॅटी' हा शब्द आहे, तो टाळा. आज तो बाईवरच शेरा म्हणून वाचला जातो, तिच्या बोलण्यावर नाही.

मास्तरांना सार्कॅस्टिक म्हणणं ही या खर्ड्यातली सगळ्यात मोठी चूक. मिश्कील म्हणजे 'राय' किंवा 'ड्रोल'. 'राय'चा मूळ अर्थच वळलेला, पिळलेला. म्हणजे आपल्या 'तिरकस'शी रूपक सुद्धा जुळतं. राय माणूस जगावर हसतो तसा स्वतःवरही हसतो. सार्कॅस्टिक माणूस स्वतःला वगळून हसतो.

मामा: 'नीडलिंग' किंवा 'वॉस्पिश'. नीडलिंग म्हणजे सुईसारखं टोचत राहणं. वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. चिडकी आणि डंख मारणारी. खवचटात चिडकेपणापेक्षा दुसऱ्याची खोडी काढण्याची मजा जास्त, म्हणून माझं मत नीडलिंगला.

आता तुमची माळ. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येकाची सोबत ठरलेली आहे. 'स्केदिंग' (मधला उच्चार 'दि', 'थि' नव्हे) परीक्षणाला, अहवालाला, टीकेला लागतो. 'अ स्केदिंग ग्रँडमदर' म्हणत नाहीत. 'शी वॉज स्केदिंग अबाउट द वेडिंग' मात्र चालतं. 'कॉस्टिक' माणसाला, विनोदाला, शेऱ्याला, सगळ्यांना. 'मॉर्डंट' जवळजवळ नेहमी विट, ह्यूमर, सटायर यांनाच, आणि त्या विनोदाला बहुधा मरणाची किंवा विनाशाची छाया असते. 'सार्डॉनिक' चेहऱ्याला, हसण्याला, स्वराला: विषण्ण, काही आशा न उरलेला उपहास. 'असर्बिक' शैलीला आणि माणसाला. 'ॲक्रिमोनियस'ला दोन बाजू लागतात: घटस्फोट, सभा, वाटणी. एकट्या वाक्याला तो लागत नाही. तुमच्या नाटकात वाटणीचा प्रसंग असेल तर कथासारात 'ॲन ॲक्रिमोनियस डिव्हिजन ऑफ द फॅमिली प्रॉपर्टी' अगदी चपखल.

तुरटी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सोबत कोणती लागते हे पाठ करण्यापेक्षा शब्दाच्या पोटातलं चित्र लक्षात ठेवलं तर चूक कमी होते. यातले निम्मे शब्द रंगाऱ्याच्या आणि रसायनवाल्याच्या दुकानातून आलेत.

मॉर्डंट: लॅटिन 'मोर्देरे', चावणे. कापड रंगवताना रंग धाग्याला पक्का धरावा म्हणून जी तुरटी वापरतात तिला रंगाऱ्यांच्या इंग्रजीत मॉर्डंटच म्हणतात, कारण ती धाग्याला 'चावून' रंग पकडून ठेवते. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरणाऱ्या आम्लालाही तेच नाव. म्हणून मॉर्डंट विनोद भडकून उठत नाही, तो हळू मुरतो आणि मग धुतला जात नाही. त्याच मुळापासून 'रिमोर्स', परत परत चावणारा पश्चात्ताप. आपण मन 'खातं' म्हणतो, तसंच.

कॉस्टिक: ग्रीक मूळ, जाळणारं. कॉस्टिक सोडा हातावर पडला तर क्षणभर काहीच वाटत नाही, नुसतं बुळबुळीत लागतं, आणि मग कातडी जाते. जुने डॉक्टर चामखीळ जाळायला सिल्व्हर नायट्रेटची कांडी वापरत, तिला 'ल्युनर कॉस्टिक' म्हणत. कॉस्टिक शेऱ्यातही असा आधी गुळगुळीतपणा असू शकतो. जळजळीतला तो शोभतो.

व्हिट्रिऑलिक: ऑइल ऑफ व्हिट्रिऑल म्हणजे गंधकाम्ल. मोरचूद ते ब्लू व्हिट्रिऑल, हिराकस ते ग्रीन व्हिट्रिऑल. मोरचुदाच्या खड्याची काचेसारखी चमक बघितली की लॅटिनमधल्या 'काच' या शब्दापासून हे नाव का आलं ते कळतं. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये 'व्हिट्रिऑल फेकणे' म्हणजे तोंडावर ॲसिड फेकण्याचा गुन्हा. त्यामुळे या शब्दात विनोद शून्य, द्वेष शंभर टक्के. 'बोचरे संवाद'ला व्हिट्रिऑलिक डायलॉग लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल घरात एकमेकांचा जीव घ्यायला उठलेत.

सार्कॅस्टिकचं मूळ तर सगळ्यात हिंस्र: ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस, क्रियापदाचा अर्थ कुत्र्यासारखं मांस तोडणे. शवपेटीसाठीचा 'सार्कोफॅगस' आणि कर्करोगातला 'सार्कोमा' त्याच घरातले. आज मात्र तो शब्द बोथट झालाय, शाळकरी मुलंही वापरतात.

सार्डॉनिकचा संबंध जुने लोक सार्डिनिया बेटावरच्या एका विषारी वनस्पतीशी लावत: ती खाल्ली की चेहरा आकसून हसल्यासारखा दिसतो आणि माणूस मरतो. धनुर्वातात जबडा ताठरून ओठ मागे खेचले जातात, त्याला वैद्यकात अजूनही 'रायसस सार्डोनिकस' म्हणतात. म्हणजे हसू आहे, पण हसण्याचं कारण नाही. मास्तरांना हा शब्द लावू नका.

आणि 'बोचरा'साठी लांब जायलाच नको. बोचरी थंडी म्हणजे 'बायटिंग कोल्ड', बोचरा वारा म्हणजे 'बायटिंग विंड'. बोचरे संवाद म्हणजे 'बायटिंग डायलॉग'. दोन्ही भाषांनी थंडी आणि बोलणं एकाच शब्दात घातलंय, फुकट मिळालेली जोडी सोडू नये.

रात्रपाळी

वडिलांच्या 'खरडपट्टी'बद्दल. नाम हवं असेल तर 'ड्रेसिंग-डाउन' ('गेव्ह हिम अ ड्रेसिंग-डाउन'), क्रियापद हवं असेल तर पायऱ्या बघा. कानपिचक्या म्हणजे 'चाइड'. औपचारिक समज, कार्यालयाची किंवा वरिष्ठांची, म्हणजे 'रेप्रिमांड', तो घरात बापाच्या तोंडी विचित्र वाटतो. लांबलचक, चिडून केलेली झाडाझडती म्हणजे 'बिरेट'. जाहीर आणि जोरदार झोडपणं म्हणजे 'लॅम्बास्ट'. 'एक्स्कोरिएट' म्हणजे शब्दशः कातडी सोलणे, हा शब्द छापील टीकेचा. बाप मुलाला बिरेट करतो, संपादक मंत्र्याला एक्स्कोरिएट करतो. 'लांबी' हवी असेल तर 'टायरेड'. भाषणवजा आणि एकाच माणसावर रोखलेलं असेल तर 'फिलिपिक', मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपविरुद्ध डेमॉस्थेनिसने केलेल्या भाषणांवरून आलेला. पण नाटकाच्या परिचयपत्रकात फिलिपिक कोण वाचणार.

दोन खास आपल्याकडचे खड्डे:

एक, 'फायर करणे'. आपल्या ऑफिसांत 'साहेबांनी फायर केलं', 'फायरिंग मिळालं' म्हणजे ओरडा बसला. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये 'ही वॉज फायर्ड' म्हणजे नोकरी गेली. खर्ड्यात कुठे 'फादर फायर्स हिम' असेल तर आत्ताच काढा. वडिलांचं दुकान असेल तर अर्थाचा अनर्थ पक्का.

दोन, 'पुल्ड अप'. 'न्यायालयाने सरकारला फटकारले' या मथळ्याला आपली इंग्रजी वर्तमानपत्रं 'पुल्स अप' लिहितात. इथे सर्रास चालतं, ब्रिटिशांनाही कळतं. अमेरिकन वाचकाला कोणीतरी गाडी थांबवल्यासारखं वाटतं. 'ताशेरे ओढले'ला भारतात 'पास्ड स्ट्रिक्चर्स' म्हणतात, बाहेर 'वॉज शार्पली क्रिटिकल' लिहिलेलं बरं.

'खरपूस समाचार'ला मी 'ट्रेंचंट क्रिटीक' सुचवेन.

बेचाळीस अक्षरं

सबटायटल्सबद्दल, कारण तिथे विशेषणं उपयोगी नाहीत, वाक्यच लागतं. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाचायचा वेग सेकंदाला १५ ते १७ अक्षरं धरा. दोन सेकंदांच्या टोमण्याला तीस ते चौतीस अक्षरं मिळतात. शब्दशः भाषांतराला जागाच नाही.

मुख्य अडचण: वाचताना स्वर कळत नाही. मराठी न कळणारा माणूस आवाजाचा हेल ऐकतो, पण कोणत्या शब्दावर जोर आहे ते त्याला समजत नाही. म्हणून उलटं बोललेलं वाक्य सरळ उतरवलं तर ते खरं वाटतं. उदाहरणं बघा.

"धन्य आहेस!" खर्ड्यात बहुधा 'यू आर ग्रेट' असेल. पाहणाऱ्याला कौतुक वाटेल. 'यू आर अनबिलीव्हेबल' करा.

"काय दिवे लावलेस आज?" इथे दिवे आणूच नका. 'सो व्हॉट डिड यू रुइन टुडे?'

"शहाणाच आहेस!" यासाठी 'वेल, आरन्ट यू क्लेव्हर.' शेवटी प्रश्नचिन्ह न देता पूर्णविराम. उलटा अर्थ त्या पूर्णविरामात आहे.

"छान! हेच बाकी होतं." यासाठी 'ग्रेट. जस्ट व्हॉट वी नीडेड.' हे इंग्रजीत इतकं घासलेलं वाक्य आहे की स्वर न ऐकताही उपरोध कळतो. अशी दहा-बारा तयार वाक्यं हाताशी ठेवा, सार्कॅझम नवीन घडवायला जाऊ नका.

ब्रिटनमध्ये कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या सबटायटल्समध्ये उपरोधिक विधानाच्या शेवटी कंसात उद्गारचिन्ह (!) आणि उपरोधिक प्रश्नाला कंसात प्रश्नचिन्ह (?) द्यायची पद्धत आहे. पण अमेरिकेत वाढलेल्या पोरांना ती चूक वाटेल. आणि इंटरनेटवर उपरोधाची खूण म्हणून लावतात ती तिरकी रेघ व 'एस' नाटकात नको, हे सांगायला नको.

आता 'टोमणे'. खर्ड्यात 'टॉन्ट्स' असणार, पैज लावतो. भारतीय इंग्रजीत सासू 'टॉन्ट' मारते, पण बाहेर टॉन्ट म्हणजे उघड उघड चिडवणं, डिवचणं: मैदानात प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याला करतात तसं. आपला टोमणा आडून असतो, ऐकणाऱ्यालाच कळावा असा, कधी तर तिसऱ्यालाच उद्देशून. त्याला 'डिग' म्हणा: 'मेक्स डिग्ज ॲट हिज ब्रदर'. 'जाइब' पण चालेल. त्याचं स्पेलिंग 'जी'ने आणि 'जे'ने दोन्ही होतं, पण 'जे'वाल्याचा अमेरिकेत 'जुळणे' असाही अर्थ आहे, म्हणून 'जी'ने लिहा. 'लेकी बोले सुने लागे' या प्रकाराला इंग्रजीत एक शब्द नाही. 'ए रिमार्क मेंट फॉर समवन एल्स इन द रूम' असं उलगडूनच लिहावं लागेल.

पेठकर

'रात्रपाळी' यांच्याशी एका ठिकाणी असहमत. ट्रेंचंट हा शब्द मुळात कापणारा आहे (खंदकासाठीचा 'ट्रेंच' त्याचाच भाऊ), पण आज तो स्तुतीचा झालाय. ट्रेंचंट टीका म्हणजे नेमकी, मुद्द्याला भिडणारी, स्वच्छ. त्यात खमंगपणा नाही. 'खरपूस समाचार' म्हणजे समीक्षकाला मजा येतेय, तव्यावर परतल्यासारखं. ट्रेंचंट म्हणजे आपलं 'मार्मिक'. परीक्षणातला समाचार स्वतः नाटकच घेतंय, तेव्हा 'अ बायटिंग सटायर ऑफ मिडल-क्लास हिपॉक्रसी' ठेवा. 'सटायर' इथे हवाच, कारण एका माणसाला टोचणं नव्हे, एका वर्गाच्या ढोंगावर नेम आहे. (बायटिंग दोनदा येईल. मग संवादांना 'बार्ब्ड' करा: आकड्यासारखा, आत जातो पण निघत नाही.)

'उपरोधिक शेवट' याला 'सार्कॅस्टिक एंडिंग' लिहिलं असेल तर ते सरळ चूक. सार्कॅझमला बोलणारा लागतो. शेवट बोलत नाही, घडतो. ज्याने वाटणीचा हट्ट धरला त्याच्याच वाट्याला म्हातारी येते, अशा प्रकारचं काही असेल तर ते 'आयरॉनिक'. आपल्याकडे उपरोध हा एकच शब्द दोन्हीकडे धावतो म्हणून गोंधळ होतो. शि. म. परांजपे यांच्या १८९८ साली सुरू झालेल्या 'काळ' साप्ताहिकातलं लेखन घ्या. वरून इंग्रजी राज्याची वाहवा, आतून त्याची सालटी. त्याला मराठीत आपण उपरोध, वक्रोक्ती म्हणतो, पण इंग्रजीत सार्कॅझम म्हटलं तर ते फार लहान होतं. ती 'सस्टेन्ड आयरनी' आहे, स्तंभभर टिकवलेली.

आणि कुठे 'शालजोडीतले' आलं असेल तर 'बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट' लगेच लावू नका. ते म्हणजे स्तुतीच, पण आत खोच असलेली: 'वयाच्या मानाने छान दिसता'. शालजोडीतल्यात स्तुती असलीच पाहिजे असं नाही, भाषा तेवढी शालीन हवी. 'एक्स्क्विझिटली पोलाइट इन्सल्ट' जरा लांब आहे, पण खरं आहे.

रात्रपाळी

पेठकर, ट्रेंचंट मागे घेतो. समाचारात जीभ चाटणं आहे हे बरोबर.

पडद्यामागून

सगळ्यांचे आभार. खर्डा तपासला: 'टॉन्ट्स' सात ठिकाणी, 'यू आर ग्रेट' दोन ठिकाणी, आणि हो, 'फादर फायर्स हिम' खरंच आहे. आता असं केलंय:

आजी: शार्प टंग्ड बट गुड-हार्टेड.
मोठी सून: स्नीअरिंग, विथ अ स्नाइड रिमार्क फॉर एव्हरी गेस्ट.
मामा: सार्कॅस्टिक, नेव्हर मिसेस अ चान्स फॉर अ डिग अबाउट द प्रॉपर्टी.
मास्तर: राय अँड ट्रेंचंट.

मामाला सार्कॅस्टिक मुद्दाम ठेवलाय, चौघांत तो एकदाच यावा म्हणून. शेवट 'आयरॉनिक', वडील 'बिरेट' करतात.

शब्दकीटक

मामाला सार्कॅस्टिक चालेल, 'फॉर अ डिग' उत्तम. शार्प-टंग्डमध्ये आडवी रेघ राहिली आहे, ती घाला. मास्तरांचं ट्रेंचंट काढा: बशीतून चहा प्यायला सांगणारा माणूस कापत नाही. नुसतं 'राय' ठेवा. दुसरं विशेषण हवंच असेल तर 'ड्राय', म्हणजे चेहऱ्यावरची रेघ न हलवता विनोद करणारा. उच्चारात दोन्ही जुळतात म्हणून शेजारी मात्र ठेवू नका, यमक होतं.